नाणेघाट ते सन्नती : एका वाटेचा इतिहास

हल्ली आपल्या मुडबी, बसवकल्याण, भालकीकडच्या घरांतील मुले शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने दूरदेशी जातात आणि तेथून छायाचित्रे पाठवितात. त्यांत एक चित्र वारंवार दिसते. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात इंका राजांनी वसविलेले माचू पिच्चू हे नगर आणि त्याच्या पाठीशी सुळक्यासारखा उभा असलेला हुआयना पिच्चू हा डोंगर. नगर समुद्रसपाटीपासून २,४३० मीटर उंचीवर आहे, तर सुळक्याचा माथा २,६९३ मीटरवर. मधला अडीचशे मीटरांहून अधिक चढ इंकांनी कातळात खोदलेल्या अरुंद पायऱ्यांवरून चढावा लागतो. एका अंगाला खडक आणि दुसऱ्या अंगाला उरुबांबा नदीची खोल दरी असते. दररोज ठरावीक संख्येनेच, ठरावीक वेळी, परवाना घेऊन लोकांना वर सोडतात. हे पाहून आपली मुले भारावतात, आणि ते योग्यच आहे. मात्र अशीच एक चढण, तिच्या अंगाला असेच एक प्राचीन स्थळ, आणि तेही इंकांच्या नगराहून सुमारे दीड हजार वर्षांनी जुने, आपल्या पूर्वजांच्या वाटेवर उभे आहे, ही गोष्ट किती घरांत सांगितली जाते? प्रस्तुत लेख त्या नाणेघाटाविषयी आणि त्याला लागून असलेल्या जीवधन किल्ल्याविषयी आहे. त्या वाटेचा दुसरा धागा थेट आपल्या दारापर्यंत कसा येतो, हेही त्यात सांगावयाचे आहे.

नाणेघाट हा पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुका आणि कोकणातील ठाणे जिल्ह्याचा मुरबाड तालुका यांना जोडणारा सह्याद्रीतील घाट. कल्याण-नगर रस्त्यावरील वैशाखरे गावाच्या पुढून पायवाट रानात शिरते. प्रथम साधी चढण लागते. पुढे दगड रचून बांधलेल्या पायऱ्या येतात आणि अखेरीस दोन कड्यांमधील चिंचोळ्या खिंडीतून माणूस घाटमाथ्यावर येतो. खिंडीच्या एका बाजूस ‘नानाचा अंगठा’ या नावाने ओळखला जाणारा कडा कोकणावर झुकलेला आहे. माथ्याजवळ दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे परंपरा सांगते, आणि घाटाचे नावही लोक त्यावरूनच पडले असे मानतात. वाटेत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. उन्हातान्हात चढून येणाऱ्या माणसासाठी आणि त्याच्या जनावरासाठी इतक्या जुन्या काळी पाण्याची सोय करून ठेवली होती, हे ध्यानात आले की राज्यकारभार म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही.

घाटाचे खरे वैभव माथ्याच्या किंचित खाली असलेल्या लेण्यात आहे. हे लेणे म्हणजे बौद्ध विहार किंवा देवालय नव्हे. तीन बाजूंनी दगडी बाक असलेले ते एक दालन आहे. डाव्या आणि उजव्या भिंतींवर प्रत्येकी दहा ओळींचा ब्राह्मी लिपीतील, प्राकृत भाषेतील लेख कोरलेला आहे. सातवाहन राजा पहिला सातकर्णी याची राणी नागनिका हिच्याशी तो निगडित असून, त्याचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास धरतात. लेखाचा आरंभ धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि चार लोकपाल यांच्या नमनाने होतो. पुढे अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी येते. कोठे ११,००० गाई आणि १,००० घोडे, कोठे २४,४०० कार्षापणांची दक्षिणा, कोठे ६,००१ कार्षापणे.

माझी उमेद राज्य सरकारच्या नोकरीत, दप्तरे आणि जमाखर्च तपासण्यात गेली. त्यामुळे की काय, साठी उलटल्यानंतर जेव्हा हा घाट चढून त्या भिंतीसमोर उभा राहिलो तेव्हा मला तो लेख प्रशस्तीपेक्षा हिशेबाच्या वहीसारखाच वाटला. रक्कम अक्षरांत न लिहिता अंकांत लिहिली आहे. शंभर, हजार, दहा हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. भारतातील अंकलेखनाच्या अतिप्राचीन पुराव्यांत या भिंतीची गणना होते. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी याच लेखाच्या आधारे प्राचीन अंकांचा अभ्यास मांडला. तुलना करावयाची तर, इंका राज्याला लिपी नव्हती. दोरांना गाठी मारून ते धान्य, माणसे आणि कर यांचे हिशेब ठेवीत. त्या दोरांना ‘किपू’ म्हणतात. हजारो मैलांचे राज्य त्यांनी गाठींवर चालविले, हे त्यांचे कौतुक. पण त्या गाठी आज पूर्णपणे उलगडत नाहीत. नाणेघाटातला हिशेब मात्र झिजला, तुटला, तरी वाचता येतो.

त्याच दालनाच्या मागील भिंतीवर एकेकाळी सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज त्यांची पावले तेवढी उरली आहेत. वरती नावे मात्र शाबूत आहेत. राजकुलाचा मूळपुरुष सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि सातकर्णी, काही कुमार, आणि त्यांच्यामध्ये एक ‘महारठी’ त्रणकयिर. हा नागनिकेचा पिता असावा, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. ‘महारठी’ ही पदवी आणि ‘महाराष्ट्र’ हे नाव यांच्या नात्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आणि त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु एका राणीने सासरच्या कुळाबरोबर माहेरच्या पुरुषाचेही नाव व रूप राजदालनात कोरविले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्याकडील जुन्या वंशावळींत लेकीसुनांची नावे शोधून सापडत नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या वंशावळीत मात्र सुनेचे नाव राजाच्या आधी आलेले आहे.

या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले ते विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यामुळे, १८२८ साली. पुढे जेम्स प्रिन्सेपने वाचनाचा प्रयत्न केला आणि १८८३ मध्ये जॉर्ज ब्यूलरने तो व्यवस्थित प्रसिद्ध केला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी सातवाहनांच्या कोरीव लेखांवर मराठीत केलेले काम आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. माचू पिच्चूचा ‘शोध’ हायरम बिंगहॅमने १९११ साली लावला असे म्हणतात. प्रत्यक्षात तो तेथे पोहोचला तेव्हा शेतकरी कुटुंबे त्या इंकांच्या पायऱ्यांवर पिके घेत होती. नाणेघाटाचेही तसेच आहे. घाटघरचे लोक आणि मीठ-धान्याची ओझी बैलांवर लादून चालणारे तांडे यांना ती जागा कधीच अज्ञात नव्हती. शोध लागतो तो बाहेरच्यांना. तेथे राहणाऱ्याला फक्त अर्थ कळावयाचा राहिलेला असतो.

लेण्याच्या वर, घाटावर नजर ठेवून जीवधन किल्ला उभा आहे. उंची सुमारे पावणेचार हजार फूट. हुआयना पिच्चूची आठवण करून देणारी चढण हीच. पायऱ्या कातळात खोदलेल्या, एकेक गुडघाभर उंच, आणि मधूनमधून तुटलेल्या. तेथे हातापायांना खोबणी शोधीतच वर सरकावे लागते. पश्चिमेच्या अंगाला वानरलिंगी नावाचा साडेतीनशे-चारशे फुटांचा सुळका किल्ल्यापासून अलग उभा आहे. पश्चिमेचा दरवाजा कल्याण दरवाजा आणि पूर्वेचा जुन्नर दरवाजा. वाट कोठून येते व कोठे जाते हे या नावांतच सांगितले आहे. माथ्यावर दगडात कोरलेली धान्याची कोठी आहे. निजामशाहीच्या पडत्या काळात राजवंशातील मूर्तझा हा अल्पवयीन मुलगा याच किल्ल्यावर कैदेत होता. त्याला सोडवून शहाजीराजांनी १६३३ साली पेमगिरीवर गादीवर बसविले. १८१८ मध्ये इंग्रजांनी जुन्नर भागातील किल्ले घेतले आणि पुन्हा कोणी त्यांचा आश्रय घेऊ नये म्हणून वाटांची मोडतोड केली. जीवधनच्या पायऱ्या सुरुंगाने उडविल्या गेल्या त्या याच वेळी. कोठीतील राख त्या वेळी जळालेल्या धान्याची आहे, असे स्थानिक लोक सांगतात. चढताना पायाखालचा दगड संपतो आणि हात वरच्या कपारीला जातो, त्या जागी राज्य बुडाल्याची तारीख पुस्तकात शोधावी लागत नाही.

पुढे १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये तेथूनच आगगाडी चढली, आणि नाणेघाटाचे व्यापारी महत्त्व ओसरले.

आता या वाटेचे दुसरे टोक. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे, तसाच पैठण आणि तगर यांचाही. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर असल्याचे आणि तेथून पुष्कळसे कापड बंदराकडे जात असल्याचे त्यात नमूद आहे. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, संत गोरोबाकाकांचे गाव. घाटावरून जुन्नर, पैठण, तेर अशी येणारी ही वाट तेरला थांबत नसे.

आपल्या कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी सन्नती आहे. तेथील चंद्रलांबा ही कर्नाटक-महाराष्ट्रातील किती घराण्यांची कुलदेवता आहे, हे या वाचकांना सांगणे नलगे. १९८६ साली त्याच मंदिर-आवारातील काळीच्या देवळाचे छत कोसळले आणि मूर्तीच्या बैठकीखालची शिळा उघडी पडली. तिच्यावर सम्राट अशोकाचे आदेश कोरलेले निघाले. पुढे १९९०च्या दशकात जवळच्या कनगनहळ्ळी येथे उत्खनन होऊन भव्य स्तूप उजेडात आला. त्यात नाव कोरलेली अशोकाची प्रतिमा मिळाली, आणि सातवाहन राजांचीही नावांसह शिल्पे मिळाली. नाणेघाटात नावे उरली व प्रतिमा गेल्या. कनगनहळ्ळीत नावांखाली प्रतिमाही आहेत. एकाच राजकुलाची अशी दोन दालने, एक कोकणाच्या कड्यावर आणि एक भीमेच्या काठावर, आणि मुडबीचा हा मुलूख त्यांच्या मधल्या पट्ट्यात.

याच पट्ट्यात पुढे चालुक्यांनी अकराव्या शतकात मान्यखेट सोडून कल्याणी ही राजधानी केली, विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली, तिसऱ्या सोमेश्वराने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला, आणि बसवेश्वरांचे वचनसाहित्य बहरले. कोकणातल्या कल्याणपासून आपल्या कल्याणपर्यंतच्या मुलखात भाषा बदलतात, पण कोठे बदलल्या हे दाखविणारी रेषा जमिनीवर सापडत नाही. ती आखली गेली ती १ नोव्हेंबर १९५६ रोजी. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. आपण इकडे राहिलो. त्या आखणीचे दुःख ज्या घरांनी भोगले त्यांची मी जाण ठेवतो. तथापि ‘तुम्ही येथे कधी आलात’ असा प्रश्न कोणी केला, किंवा आपल्याच मुलांच्या मनात तो उभा राहिला, तर सनावळी शोधीत बसण्याचे कारण नाही. ही वाट दोन हजार वर्षे वाहती होती. तिच्यावरून माणसे दोन्ही दिशांनी गेली. मराठी बोलणारे इकडे आले तसे कानडी बोलणारे तिकडे गेले. अशा वाटेवर वसलेल्या माणसाला उपरा म्हणावयाचे, तर मूळचा कोणाला म्हणावयाचे?

इंकांच्या रस्त्यांचे जाळे तीस हजार किलोमीटरांहून अधिक होते. माचू पिच्चूला १९८३ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. २०१४ साली त्या संपूर्ण मार्गजालालाही मिळाला, आणि त्यासाठी सहा देशांनी एकत्र येऊन अर्ज केला. सरहद्दी ओलांडून एखाद्या वाटेला एकच वारसा मानता येतो, याचा तो धडा आहे. आपल्याकडे २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना तो मान लाभला. त्यांत जुन्नरची शिवनेरी आहे, याचा अभिमान वाटतो. नाणेघाट आणि जीवधन त्या यादीत नाहीत. आणि एखादे स्थळ यादीत आले तरी यादी म्हणजे राखण नव्हे. पावसाळ्यात, वाऱ्याने उलटे उडणारे धबधबे पाहण्यासाठी सुट्टीच्या दिवशी घाटमाथ्यावर हजारोंची रीघ लागते. त्यांतले थोडेच लेण्यात उतरतात, आणि जे उतरतात त्यांपैकी काहींना भिंतीवर स्वतःचे नाव कोरण्याचा मोह होतो. ज्या भिंतीने राणीचे नाव दोन हजार वर्षे सांभाळले, तिला हा भार सोसवणारा नाही. हुआयना पिच्चूवर परवाने आणि संख्येचे बंधन आहे ते प्रवाशांना अडविण्यासाठी नव्हे, पायऱ्या टिकाव्यात म्हणून. तशी शिस्त येथे लागावी, अशी मागणी आपल्यासारख्या मंडळांनीही लेखी करावयास हवी. सरकारी कामकाजात तोंडी हळहळीला आवक क्रमांक मिळत नसतो.

दुसरे काम आपल्या घरातले आहे. पावसाळा सरल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात, नातवंडांना घेऊन सन्नतीपासून निघावे. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहालयातील पुराणवस्तू पाहाव्यात, पैठणला गोदावरीकाठी थांबावे आणि जुन्नरवरून घाटघर गाठावे. ज्यांना चढ झेपत नाही त्यांच्यासाठी लेणे माथ्यापासून थोडेच खाली आहे. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी जीवधनचीही वाट धरावी, मात्र वाटाड्या घेऊनच. आणि निघण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारून एवढे लिहून ठेवावे: आपले कूळ कोणत्या गावाहून निघाले, वाटेत कोठे कोठे थांबले, कोणता देव बरोबर आणला आणि कोणता येथे आल्यावर मानला. हे सांगू शकणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत, आणि त्यांचे सांगणे कोणत्याही कातळावर कोरलेले नाही.