मागून येणारा आवाज

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. तिघेही पिंपरी-चिंचवडचे, दोघांची नोकरी चाकणला. प्राधिकरणात नाहीतर मोशीकडे रो-हाउस, खाली तळघराची एक खोली, आणि तिथे होम थिएटर करायचा बेत. प्रश्न असा, की सराउंडचे स्पीकर कोणते घ्यायचे आणि कुठे ठोकायचे? दुकानदाराचं उत्तर तयार असतं: सेटमध्ये येतील ते घ्या, मागच्या दोन कोपऱ्यांत लावा. माझं उत्तर जरा लांबतं, कारण हा प्रश्नच ऐंशीहून अधिक वर्षांचा आहे आणि त्याची बरीचशी उत्तरं थिएटरवाल्यांनी आधीच शोधून ठेवली आहेत.

सुरुवातीला मागून आवाज हा प्रकारच नव्हता. १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलला, १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला, तेव्हा सगळा आवाज पडद्याकडूनच येई. प्रभातमध्ये ध्वनीची बाजू स्वतः विष्णुपंत दामले बघत. त्या काळी कस लागे तो एका गोष्टीसाठी: शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कळला पाहिजे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग १९४० साली डिस्नेने 'फँटेशिया' काढला आणि त्यासाठी 'फँटासाउंड' नावाची यंत्रणा बनवली. पडद्यामागे तीन वाटांनी आवाज आणि प्रेक्षागृहाच्या भिंतींवरही स्पीकर. यंत्रणा इतकी अवजड आणि महाग, की ती मोजक्याच ठिकाणी लागली. पुढे अमेरिकेत टीव्ही आला, लोक घरी बसू लागले, आणि त्यांना पुन्हा थिएटरात आणायला १९५२ साली सात ध्वनिपट्ट्यांचं सिनेरामा आलं. पाठोपाठ १९५३ साली 'द रोब' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला. त्याच्या फिल्मवर चार चुंबकीय पट्ट्या होत्या: तीन पुढच्या, एक सराउंडची.

आता गंमत बघा. ही सराउंडची पट्टी बाकीच्यांपेक्षा अरुंद होती, त्यामुळे तिच्यात खरखर जास्त. शांत प्रसंगात मागून नुसतं 'स्स्स' ऐकू यायचं. यावर उपाय काय? पट्टीवरच १२ किलोहर्ट्झचा एक खुणेचा सूर टाकला. तो असेल तेव्हाच मागचे स्पीकर चालू, एरवी बंद. म्हणजे पहिल्यापासूनच मागच्या स्पीकरचं मुख्य काम होतं गप्प बसणं!

आपल्याकडे ७० मिलिमीटरचं युग १९६७ च्या 'अराउंड द वर्ल्ड'ने सुरू झालं, पण लोकांच्या डोक्यात ते बसलं १९७५ च्या 'शोले'मुळे. मूळ चित्रण ३५ मिलिमीटरवर, नंतर मोठं केलेलं. त्याचं ध्वनिमिश्रण राजकमलच्या मंगेश देसाईंचं. राजकमल म्हणजे शांतारामबापूंनी प्रभात सोडल्यावर १९४२ साली काढलेली संस्था, त्यामुळे दामल्यांपासून देसाईंपर्यंत ही एकच मराठी वाट आहे असं मला वाटतं. मिनर्व्हात 'शोले' पाच वर्षांहून जास्त चालला. नाणं पडल्याचा आवाज ऐकून लोक खुर्चीखाली बघायचे, हा किस्सा ऐकला नाही असा माणूस विरळाच.

खरी युक्ती मात्र पुढची आहे. सत्तरच्या दशकात डॉल्बीने फिल्मच्या कडेच्या दोन साध्या ऑप्टिकल पट्ट्यांत चार चॅनेल गुंफले. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'नंतर ते जगभर पसरलं. पण गुंफलेलं पूर्ण सुटं होत नाही, संवादाचा थोडा अंश मागे गळायचा. नट पडद्यावर बोलतोय आणि 'स', 'श' तुमच्या मानेमागून येतायत! इथे जर्मन संशोधक हेल्मुट हास याचं १९४९ सालचं काम उपयोगी पडलं. एकच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या अंतराने आला, तर कान पहिल्या येणाऱ्यावर विश्वास ठेवतो, दुसरा थोडा मोठा असला तरी. म्हणून मागचा आवाज मुद्दाम उशिरा सोडला आणि त्यातले ७ किलोहर्ट्झच्या वरचे सूर कापून टाकले. सगळा खटाटोप कशासाठी? संवाद पुढेच राहावा म्हणून. नंतर १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून डिजिटल ५.१ आलं आणि डीव्हीडीवरून तेच आपल्या दिवाणखान्यात पोचलं.

आता आपल्या तळघरात उतरू. समजा खोली १० बाय १४ फूट, म्हणजे साधारण ३ बाय ४.२ मीटर. थिएटरात मागचा स्पीकर तुमच्यापासून कित्येक मीटर लांब असतो. इथे तो हात लांब केला की लागतो! तीन जणांचा सोफा आहे आणि कडेचा माणूस मधल्यापासून ९० सेंटीमीटर बाजूला बसलाय असं धरा. स्पीकर बाजूच्या भिंतीवर, कानाच्या उंचीला. त्या माणसाला जवळचा स्पीकर ०.८ मीटरवर आणि लांबचा जवळपास २.५ मीटरवर पडतो. भिंतींचं परावर्तन सोडलं, तर हा फरक १० डेसिबलच्या आसपास जातो. म्हणजे त्याच्यासाठी सराउंड वगैरे काही नाही, एक स्पीकर कानात ओरडतोय, बस्स.

आणि त्या कडेच्या जागेवर बसतं कोण? आमच्याकडे काका बसतात. चिंचवडच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये, त्यांनी तीस वर्षं काढली, तिन्ही पाळ्या. त्या काळच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा होती, आणि आवाजाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाने अधिनियमात कळवण्याजोग्या रोगांच्या यादीतही होता. पण यादीत असणं वेगळं आणि कानात बोळे असणं वेगळं. अशा बहिरेपणाचा खड्डा आधी ४ किलोहर्ट्झच्या आसपास पडतो, आणि व्यंजनं ओळखू येतात ती त्याच पट्ट्यात. 'साठ' की 'पाठ', 'चार' की 'सार', कळत नाही. काका म्हणतात, "आवाज येतो रे, शब्द येत नाहीत." मग कुणीतरी व्हॉल्यूम वाढवतं, पुढच्याच मिनिटाला स्फोट होतो आणि सगळ्यात आधी काकाच दचकतात, कारण अशा कानाला मोठा आवाज आपल्याइतकाच मोठा लागतो.

भोसरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यात असे काका घरोघरी आहेत. त्यामुळे मागचे स्पीकर कुठे लावायचे हा निव्वळ हौसेचा प्रश्न राहत नाही. चुकीच्या जागी लावले, तर घरातला एक माणूस सिनेमातून बाहेर पडतो. तोंडाने काही बोलत नाही, "झोप आली" म्हणून उठून वर जातो.

तर माझा हिशोब असा. पैसे आधी मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरवर घाला, सगळा संवाद तिथूनच येतो. सराउंड छोटे चालतील, पण पुढच्यांच्याच जातीचे हवेत. डायपोल, म्हणजे दोन दिशांना आवाज फेकून ऐकणाऱ्याकडे शांत राहणारे, हे मागचं फक्त वातावरण असायचं त्या जमान्यातले. ५.१ साठी साधे, सरळ फेकणारेच बरे.

जागा: मागचे कोपरे नकोत. १९९२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार सराउंड समोरच्या रेषेपासून १०० ते १२० अंशांवर. आपल्या खोलीत मधल्या माणसासाठी ११० अंश म्हणजे बाजूच्या भिंतीवर, त्याच्या साधारण ५५ सेंटीमीटर मागे. उंची कानाच्या वर ९० सेंटीमीटर ठेवली, तर कडेच्या जागेवरचा तो १० डेसिबलचा फरक सातपर्यंत उतरतो. थिएटरात हे स्पीकर उंचावर आणि ओळीने का असतात, त्याचं एक कारण हेच.

मग रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपने मोजून भरा. आवाज एका मीटरला साधारण ३ मिलिसेकंद घेतो. मागचा जवळ आहे म्हणून त्याला तेवढं थांबवायचं काम रिसीव्हर करतो. हासच्या १९४९ च्या कामाचा तुमच्या तळघरातला अवतार म्हणा हवं तर.

सबवूफरबद्दल एवढंच, की ३ मीटर रुंदीत ५७ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते, आणि ती घूमसुद्धा शब्द झाकते. शिवाय खालचे सूर भिंत ओलांडून जातात आणि आपल्या भागात शेजारी तिसऱ्या पाळीवरून येऊन दुपारी झोपलेला असू शकतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण त्याच्या दुपारच्या झोपेचं भान आपणच ठेवायचं. आणि हो, पावसाळ्यात ओल येणारी भिंत आधी दुरुस्त करा, स्पीकर मग.

सगळं झालं की चाचणीला लढाईचा प्रसंग लावू नका, तो कुठल्याही सेटवर भारीच वाटतो. दोन माणसं हळू आवाजात बोलतायत आणि मागे पाऊस पडतोय असा प्रसंग लावा. घरात ज्याला सगळ्यात कमी ऐकू येतं, त्याला त्याच्या नेहमीच्या जागी बसवा आणि विचारा, काय बोलले? उत्तर बरोबर येईपर्यंत मागचे स्पीकर एकेक डेसिबलने खाली आणत राहा. पाऊस थोडा कमी पडेल, चालेल.