बेडकाचं हृदय कोणाच्या हुकमावर चालतं?

आज आपल्याला एका छोट्या अवयवाचा इतिहास पाहायचा आहे. आपल्यापैकी ज्यांनी जुन्या काळी विज्ञान शाखेतून बारावी किंवा बी.एस्सी. केलं, त्यांना तो मेणाचा ट्रे आठवत असेल. क्लोरोफॉर्मचा वास, चार पायांना चार टाचण्या, आणि पोट उघडल्यावर दिसणारी ती लालसर, बोराएवढी गोष्ट. बेडकाला कसलीच जाणीव उरलेली नसायची आणि हृदय मात्र धडधडत असायचं. आम्ही सगळे गप्प होऊन बघत राहायचो. ते कोणाच्या हुकमावर चालतं, हा प्रश्न तेव्हा मनात यायचा. पण जर्नलमध्ये आकृती काढायची घाई असायची, त्यामुळे तो तिथेच राहून जायचा.

हाच प्रश्न घेऊन माणसांनी जवळजवळ तीनशे वर्षं बेडकाच्या हृदयाकडे पाहिलं. ती हकिगत आज सांगायची आहे.

आधी रचना समजून घेऊ. आपल्या हृदयाला चार कप्पे, बेडकाच्या हृदयाला तीन. वर दोन अलिंदं, खाली एकच निलय. शरीरातून आलेलं रक्त आधी मागच्या बाजूच्या एका पातळ पिशवीत जमतं, तिला सायनस व्हेनोसस म्हणतात. तिथून ते उजव्या अलिंदात जातं. फुप्फुसांतून आलेलं रक्त डाव्या अलिंदात येतं. दोन्ही रक्तं एकाच निलयात उतरतात आणि पुढे एका नळीवाटे रोहिण्यांमध्ये जातात. एवढं चित्र डोळ्यांसमोर ठेवा.

आता १६२८ साली जाऊ. विल्यम हार्वे या इंग्लिश वैद्याने रक्ताभिसरणावरचं आपलं पुस्तक त्या वर्षी प्रसिद्ध केलं. तोवर गेलनच्या काळापासून चालत आलेली समजूत अशी, की रक्त यकृतात तयार होतं आणि अवयवांमध्ये खर्च होऊन जातं. हार्वेने साधा हिशोब मांडला. हृदय एका ठोक्याला किती रक्त ढकलतं आणि अर्ध्या तासात किती ठोके पडतात? गुणाकार केला तर सगळ्या शरीरात मावणार नाही एवढं रक्त होतं. एवढं रोज तयार होणं शक्यच नाही. म्हणजे तेच रक्त फिरत असलं पाहिजे. पण हृदयाची हालचाल नीट बघायची कशी? कुत्र्याचं हृदय इतकं जलद चालतं, की आधी काय आणि नंतर काय हेच कळत नाही. म्हणून हार्वे बेडूक, साप, मासे अशा थंड रक्ताच्या प्राण्यांकडे वळला. त्यांचं हृदय सावकाश चालतं. आधी अलिंद आकुंचन पावतं, मग निलय, हा क्रम तिथे डोळ्यांना दिसतो.

हार्वेच्या साखळीत एक कडी मात्र राहिली. रोहिण्यांतलं रक्त नीलांमध्ये जातं कुठून? ते त्याला दिसलं नाही. १६५७ मध्ये तो वारला. चारच वर्षांनी, १६६१ मध्ये, बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिगीने ती कडी शोधली, आणि तीही बेडकाच्या फुप्फुसात. बेडकाचं फुप्फुस म्हणजे पातळ, पारदर्शक पिशवी. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर त्याला केसासारख्या बारीक नळ्यांचं जाळं दिसलं. त्याच आपल्या केशवाहिन्या. गंमत बघा, माल्पिगीचा जन्मही १६२८ चाच! या कामासाठी आपण बेडकांची जवळजवळ सगळी जातच संपवली, अशी कबुली त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. ती लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. १८५२ साली जर्मनीत हर्मान श्टानियुसने बेडकाच्या हृदयाभोवती दोरा बांधून पाहिला. सायनस आणि अलिंदं यांच्यामध्ये गाठ मारली, तर सायनस चालत राहिली आणि पुढचं सगळं हृदय थांबलं. मग अलिंदं आणि निलय यांच्यामध्ये दुसरी गाठ मारली, तर थांबलेलं निलय पुन्हा चालायला लागलं, पण स्वतःच्या संथ चालीने. म्हणजे ठोक्याचा हुकूम मेंदूतून येत नाही, तो हृदयातच तयार होतो, आणि सगळ्यात वरचा मुकादम सायनसमध्ये बसलेला असतो. आपल्या हृदयात ही पिशवी वेगळी दिसत नाही. तिचा वारसा उजव्या अलिंदाच्या भिंतीत दडलेला आहे. कीथ आणि फ्लॅक यांनी तो १९०७ मध्ये दाखवला. ओळखीतल्या कोणाला पेसमेकर बसवला असेल, तर तो याच जागेचं, किंवा तिथून निघालेला हुकूम पुढे नेणाऱ्या वाटेचं काम सांभाळतो.

लंडनच्या सिडनी रिंगरची गोष्ट तर पाण्याची आहे. १८८२ च्या सुमारास तो बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यावर चालवत होता, आणि ते छान चालत होतं. पुढे कळलं, की ते पाणी ऊर्ध्वपातित नव्हतं, साधं नळाचं होतं! शुद्ध पाण्यात मीठ घालून दिलं, तर हृदय थोड्याच वेळात मंदावायचं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम हे खरं कारण. १८८३ मध्ये रिंगरने आपली चूक उघडपणे छापली. आज दवाखान्यात सलाइनच्या स्टँडला जी ‘आरएल’ची बाटली लटकते, त्यातला आर म्हणजे हाच रिंगर.

पण बाहेर काढलेलं हृदय नुसत्या पाण्यावर कसं चाललं? कारण रचनेत आहे. बेडकाच्या निलयाची भिंत स्पंजासारखी असते. तिला आपल्यासारख्या वेगळ्या रक्तवाहिन्यांची गरज नसते. आतून वाहणाऱ्या द्रवातूनच ती लागेल ते घेते.

याच सोयीवर १९२१ मध्ये ग्राझ शहरात ऑटो लोवीने आपला प्रयोग मांडला. त्याच्याच आठवणीनुसार तो त्याला स्वप्नात सुचला. पहिल्या रात्री कागदावर खरडलेलं सकाळी वाचता येईना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पडल्यावर तो उठून थेट प्रयोगशाळेत गेला. दोन हृदयं घेतली. पहिल्याची व्हेगस नस उत्तेजित केली, ते मंदावलं. त्यातला द्रव दुसऱ्याला दिला, तर नस नसताना तेही मंदावलं! म्हणजे नसा रसायनांतून बोलतात. मेंदू ठोका देत नाही. वेग कमी-जास्त करण्याचा निरोप फक्त धाडतो. १९३६ चं नोबेल यासाठी लोवीला हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं. १९३८ मध्ये नाझींनी त्याला तुरुंगात टाकलं, बक्षिसाची रक्कम काढून घेतली आणि मगच देश सोडू दिला.

आता एक गैरसमज. तीन कप्पे म्हणजे ‘अपुरं’ हृदय, असं आपण शिकलो. पण बेडूक त्वचेनेही श्वास घेतो. त्वचेतून प्राणवायू घेऊन आलेलं रक्त उजव्या अलिंदातच पोहोचतं. शिवाय निलयातल्या स्पंजी खाचांमुळे दोन रक्तं पूर्ण मिसळतही नाहीत. बेडूक पाण्याखाली बसला की फुप्फुसाकडे जाणारं रक्त कमी करता येतं. चार बंद कप्प्यांच्या हृदयाला हे जमत नाही. म्हणजे हे हृदय अर्धवट नाही, त्याच्या जगण्याला बेतलेलं आहे.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून पुढच्या काही वर्षांत प्राण्यांचं विच्छेदन अभ्यासक्रमातून काढत नेलं. आज मुलं ते पडद्यावर बघतात. आम्हाला ते योग्यच वाटतं. तीच आकृती काढण्यासाठी दर वर्षी तेवढे बेडूक मारायचं काही कारण नव्हतं. पण माल्पिगीची कबुली आठवा. छातीवर हात ठेवून आपण जो ठोका मोजतो, त्याचा अर्थ आपल्याला बेडकांनी जीव देऊन शिकवला आहे. पावसाळ्यात रात्री शेतातून तो आवाज आला, तर एवढं ऋण लक्षात असू द्या.