विरजण : एका घरगुती काटकसरीचा इतिहास

मराठीत उत्साहावर विरजण पडते, आनंदावर पडते, ठरलेल्या बेतावर पडते. हा वाक्प्रचार आपण इतक्या सहजतेने लिहितो-बोलतो की त्यातील विसंगती सहसा ध्यानात येत नाही. जी गोष्ट मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या रोज रात्री, हात धुऊन, दुधाची ऊब करंगळीने पाहून, मुद्दाम घडवून आणली गेली, तीच भाषेत विघ्नाचे प्रतीक कशी झाली? आम्हांला असे वाटते की या वाक्प्रचारात दोन वेगवेगळ्या माणसांपैकी एकाचीच बाजू शिल्लक राहिली आहे. ज्याला दूध दूध म्हणूनच विकायचे आहे, किंवा ज्याच्या कढईत बासुंदी आटते आहे, त्याच्या दृष्टीने आंबट थेंब म्हणजे नुकसान. उरलेले दूध उद्या नासणार हे जिला ठाऊक आहे, तिच्या दृष्टीने तोच थेंब म्हणजे बचत. भाषेने पहिल्याचे म्हणणे टिपून ठेवले, दुसरीचे नाही. (हा आमचा तर्क आहे, व्युत्पत्तिशास्त्राचा निर्णय नव्हे.)

याच्या शेजारी दुसरा वाक्प्रचार ठेवून पाहावा : ताकाला जाऊन भांडे लपवणे. त्यात एक अख्खी ग्रामव्यवस्था दडलेली आहे. ताक हे विकायचे नव्हे, मागायला आलेल्याला द्यायचे, अशी रीत अनेक गावांत होती. परंतु फुकट मिळते म्हणून मागण्यातील संकोच नाहीसा होत नाही. पदराआड धरलेले ते भांडे त्या संकोचाचे आहे. आणि देणाऱ्याच्या औदार्यालाही जातीच्या मर्यादा होत्याच. ताक कोणाच्या भांड्यात उंचावरून ओतले जाई आणि कोणाला ओसरीवर बसवून वाटीत दिले जाई, हे सांगायला वेगळ्या पुराव्याची गरज पडू नये. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या विषयावरील आपल्या भाषणात जयपूर संस्थानातील चकवारा येथील प्रसंग नोंदवला आहे : अस्पृश्यांनी जेवणावळीत तूप वाढले, एवढ्याच कारणाने त्यांच्यावर हल्ला झाला. दुधापासून तुपापर्यंतच्या प्रवासात प्रतिष्ठेची एक उतरंड आहे. तीत ताक सर्वांत खाली, आणि म्हणूनच देता येण्याजोगे.

विरजणाचा लिखित इतिहास मात्र फार जुना आहे. तैत्तिरीय संहितेच्या दुसऱ्या कांडात दर्शयागातील सांनाय्याची चर्चा येते. वृत्रवधानंतर इंद्राचे बळ गळाले, ते वनस्पतींत गेले, गायींनी ते चरून गोळा केले. पण त्या दुधाने इंद्राचे समाधान झाले नाही, त्याचे दही केल्यावर झाले, अशी कथा तेथे आहे. पुढचा भाग आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा. दूध कशाने विरजावे, याचे पर्याय तेथे एकामागून एक येतात : पूतीका वनस्पती, पळसाची साल, बोरे, तांदूळ, आणि दही. प्रत्येक पर्याय कोणा ना कोणाचा ठरवला आहे. बोरांचे विरजण राक्षसांकडे जाते. दह्याने विरजलेले ते इंद्राचे, म्हणून दह्यानेच विरजावे असा निर्णय होतो. भाष्यकार यात देवतासंबंध पाहतील. आम्हांला त्यात स्वयंपाकघरातील अनुभव दिसतो : कोणीतरी हे सगळे करून पाहिले होते, आणि दह्याचेच दही खात्रीचे लागते हे त्याला (बहुधा तिला) कळले होते. आजही विरजण संपले असता लाल मिरचीचे देठ कोमट दुधात टाकून पाहतात. पहिले दही बेताचेच लागते, दुसऱ्या खेपेला सुधारते. पर्याय बदलले, क्रम तोच राहिला.

आता काटकसरीचा हिशेब. एक लिटर दुधाचे जवळजवळ एक किलोच दही होते. चक्क्यासारखे पाणी टांगून काढायचे नसल्याने काही वजा होत नाही. म्हणून दुधाचा भाव आणि विकतच्या दह्याचा भाव यांतील फरक ही सरळ बचत. पण घरातील जुन्या पिढीला हा हिशेब अपुरा वाटला असता, कारण तिची बचत दह्यापाशी थांबत नव्हती. दूध तापवून निवल्यावर साय काढायची, ती सायीच्या भांड्यात साठवायची, विरजायची, चौथ्या-पाचव्या दिवशी घुसळायची. लोणी वर आले की ताक कढीला. लोणी कढवले की तूप. तळाशी राहिलेल्या बेरीत साखर घालून ती मुलांच्या हातावर. एकाच दुधाची किंमत चार-पाच वेळा वसूल होत असे. यात भांड्यांचाही खर्च धरावा लागे : पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली असेल तर दही कळकते, म्हणून विरजणाला मातीचे किंवा दगडी भांडे. मातीचे भांडे पाणी शोषून घेते आणि दही घट्ट होते, हा फायदा वेगळाच.

या हिशेबात एक रकमेचा रकाना कोरा राहतो, तो श्रमांचा. विरजण लावणे हे दोन मिनिटांचे काम आहे हे खरे. परंतु ते दिवसाच्या शेवटी, सगळ्यांची जेवणे आटोपल्यावर, झाकपाक झाल्यावर करायचे काम आहे आणि त्याला सुट्टी नाही. एक दिवस चुकले की परंपरा तुटते आणि शेजारी वाटी घेऊन जावे लागते. तेही दिवेलागणीपूर्वी, कारण तिन्हीसांजेनंतर विरजण देत नाहीत. बाजूला बसण्याच्या चार दिवसांत तिने त्याला शिवायचे नाही, हा नियम होताच. म्हणजे जिच्या हाताचे दही लागते असे कौतुक, तिचाच हात महिन्यातून चार दिवस वर्ज्य. काटकसरी गृहिणीचे गुणगान करणाऱ्या आपल्या लेखनाने हा कोरा रकाना फारसा भरलेला नाही. पाककृतींच्या पुस्तकांची अडचण निराळी : साहित्याच्या यादीत 'दही एक वाटी' आले की ती वाटी कोठून आली हे सांगण्याची गरज कोणाला वाटत नाही, कारण ते सर्वांना ठाऊक असते. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टींचेच पुरावे इतिहासाला आधी दुर्मिळ होतात.

मुंबईने हा क्रम बदलला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील दूधटंचाईनंतर सरकारी दूध योजना आली, १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली. तिच्यामागे दारा खुरोडी यांचे कर्तृत्व होते. म्हशीच्या दुधात दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून स्वस्त केलेले टोण्ड दूध याच योजनेने शहराच्या अंगवळणी पाडले. दुधाचे कार्ड, पहाटेची रांग, काचेच्या बाटल्या, हे सारे त्या काळातील मराठी मध्यमवर्गाच्या आठवणींत घट्ट बसलेले आहे. परंतु टोण्ड दुधावर साय धरत नाही. दही लागते, पण लोणी-तुपाची पुढची साखळी तेथेच तुटते. चाळीतील गृहिणीची काटकसर तेव्हापासून दह्यापुरती उरली.

युरोपात याच वस्तूचा प्रवास उलट दिशेने झाला. १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हात दह्यातील जिवाणू शोधला, मेचनिकॉव्ह यांनी दीर्घायुष्याशी त्याचा संबंध जोडला, आणि १९१९ साली बार्सिलोनात आयझॅक कारासो यांनी सुरू केलेले दही प्रथम औषधांच्या दुकानांतून विकले गेले. तेथे औषध म्हणून आलेली वस्तू पुढे अन्न झाली. आपल्याकडे अन्न होतेच. पाकीट मागाहून आले. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, छापील नावाच्या दह्यावर, ताकावर आणि लस्सीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा घरी विरजण लावण्याचा जुना हिशेब अनेकांनी पुन्हा मांडून पाहिला.

परदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबांत एक युक्ती सांगितली जाते : स्वच्छ रुमाल दह्यात बुडवून वाळवायचा, घडी करून सामानात ठेवायचा आणि तेथे पोचल्यावर कोमट दुधात भिजवायचा. घरचेच दही तेथे लागते म्हणतात. इकडे मात्र, त्याच कुटुंबाच्या मूळ घरी, विरजण संपले की आता शेजारच्या दारावर कोणी थाप मारत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून लहानसे पाकीट आणतात आणि त्यातला चमचाभर दुधाला लावतात. पहिल्या रात्री ते कारखान्याचे दही असते. आठ-दहा खेपांनंतर त्या घरातील हवेचे, भांड्याचे आणि हाताचे जिवाणू त्यात शिरतात, चव हळूहळू बदलते, आणि मग पाकीट कोणते होते ते कोणाच्याही लक्षात राहत नाही.