शास्त्री गेले, उत्तरं राहिली

जवाहरनगरात बोलताना एक सोय असते. इथे आयुध निर्माणीत आयुष्य घालवलेली माणसं समोर बसलेली असतात. जुना कारागीर निवृत्त झाला की त्याच्या हातातलं आणि डोक्यातलं बरंच काही त्याच्याबरोबर घरी जातं, हे तुम्हाला सांगायला नको. न्यायालयांचंही तसंच होतं. आज त्याचीच एक गोष्ट.

मराठेशाहीत वाद उभा राहिला की अग्रवादी आणि पश्चिमवादी, दोघांकडून आधी ‘राजीनामा’ लिहून घेत. म्हणजे आजचा राजीनामा नव्हे हं! होईल तो निवाडा आम्ही मान्य करू, अशी ती कबुली. मग गोतसभा बसे, साक्षी होत, महजर तयार होई. त्यावर पाटील नांगराची निशाणी काढी, बलुतेदार आपापल्या अवजाराची. जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळे आणि ते त्याच्या घरच्या पेटीत जाई. पुढे नातवंडांत भांडण झालं, तर तोच कागद बाहेर निघे. म्हणजे न्यायाची आठवण मुख्यतः गावाकडे आणि घराण्याकडे होती. रामशास्त्र्यांचं धैर्य आपण सगळे सांगतो. पण त्यांनी रोज दिलेल्या निवाड्यांमागचा विचार पुढच्या न्यायाधीशाला कुठे सापडणार होता, हे आपण विचारत नाही.

१८१८ साली पेशवाई गेली. १८२७ च्या मुंबईच्या कायद्यांत असं ठरलं, की सरकारी कायदा नसेल तिथे आधी देशाची रूढी पाहावी. आता रूढी साहेबाला कशी कळणार? त्याच वर्षी आर्थर स्टील यांचं दख्खनमधल्या जातींच्या रूढींवरचं पुस्तक सरकारने छापलं. शिवाय कोर्टात शास्त्री नेमलेले होतेच. न्यायाधीश प्रश्न पाठवी, शास्त्री ग्रंथाधार देऊन उत्तर लिही. त्याला म्हणत व्यवस्था. खटला संपला की उत्तर त्या खटल्याच्या कागदांत बांधलं जाई. पुण्याचं उत्तर नगरच्या न्यायाधीशापर्यंत पोचायला ठरलेली वाट नव्हती.

मग १८६४ साली एका कायद्याने कोर्टातले पंडित आणि मौलवी काढले. न्यायाधीशाला आता कायदा स्वतःच माहीत असायला हवा, असं धरलं गेलं. माणसं गेली. त्यांच्याबरोबर सगळंच जायचं का?

इथे दोन माणसं पुढे आली. रेमंड वेस्ट हे मुलकी सेवेतले अधिकारी, पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. जॉर्ज ब्यूलर हे एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राच्य भाषांचे प्राध्यापक. मुंबई इलाख्यातल्या निरनिराळ्या कोर्टांतली शास्त्र्यांची उत्तरं त्यांनी विषयवार लावली. वारसाहक्काचा भाग १८६७ साली निघाला, वाटणीचा १८६९ साली. मला यातली मांडणी फार महत्त्वाची वाटते. आधी प्रश्न, मग शास्त्र्याचं उत्तर, गाव आणि तारीख, मग ग्रंथाधार, आणि शेवटी संपादकांचं मत. शास्त्र्याचं चुकलं असं वाटलं तर तेही लिहिलं. आमच्या तत्त्वज्ञानात पूर्वपक्ष टाकून सिद्धांत सांगत नाहीत, तसंच हे. नुसतं उत्तर ठेवलं असतं तर तो हुकूम झाला असता. प्रश्नासकट ठेवलं, म्हणून ते ज्ञान झालं.

यात कुणाचं काय अडलं होतं? बहिणीचं अडलं होतं. नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख बहिणीला भावाच्या वारसांत बरीच वरची जागा देतो. विनायक आनंदराव विरुद्ध लक्ष्मीबाई या खटल्यात बहिणींचा हक्क १८६४ साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन टिकला. बनारसच्या परंपरेत बहिणीला वारस व्हायला १९२९ चा कायदा यावा लागला. आपला भंडारा तर मुंबईच्या हायकोर्टाखाली नव्हता, मध्य प्रांतात होता. पण घराणं दुसऱ्या प्रांतात गेलं तरी आपला कायदा बरोबर नेतं, हे तत्त्व कोर्टं मानत. देशावरून इकडे आलेल्या घरातल्या बहिणीला तो कायदा दाखवायचा तर तो कुठेतरी लिहिलेला हवा ना!

याची दुसरी बाजूही आहे. रूढी गावात बदलत राहते, छापलेलं पान बदलत नाही. शास्त्र्याला उलट विचारता येत होतं, पुस्तकाला येत नाही. आणि पुस्तक इंग्रजीत. ज्यांच्या घरचा तो कायदा, त्यांनाच तो वाचता येईना. गोतसभेत बसणारा सुतार निदान ऐकत तरी होता.

२०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआरवर फुकट मिळतात, काहींची मराठी भाषांतरंही होतात. चांगलंच आहे. पण तालुक्याच्या कोर्टात तीस वर्षं काढलेला कारकून उद्या निवृत्त होईल. कोणत्या अर्जात लोक नेहमी कुठे अडतात, ते त्याला ठाऊक आहे. ते कोणत्याच निकालात लिहिलेलं नसतं. जाण्यापूर्वी त्याला कुणीतरी समोर बसवावं, प्रश्न विचारावेत, आणि उत्तराबरोबर तो प्रश्नही लिहून ठेवावा. वेस्ट आणि ब्यूलर यांनी शास्त्री गेल्यावर जुने कागद जमवले. आपल्याकडे माणूस अजून आहे.

थांबतो. आता तुमचे प्रश्न.