फ्रोझन भाज्या-फळं: शिळी की ताजी?

‘फ्रोझन म्हणजे शिळं’ असं मलाही वाटायचं. पण लातूरच्या उन्हाळ्यात चार दिवस पडून राहिलेल्या ‘ताज्या’ भाजीतलं क जीवनसत्त्व रोज घटतच असतं.

कारखान्यात काय होतं?
मटार सोलून एक-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात काढतात. त्यामुळे रंग-चव बिघडवणारी एन्झाइम्स थांबतात. इथे थोडं क जीवनसत्त्व जातं. मग अतिथंड हवेच्या झोतात दाणान्‌दाणा वेगळा गोठवतात; याला ‘आयक्यूएफ’ म्हणतात. झटपट गोठल्यानं बर्फाचे कण बारीक राहतात, दाणा फुटत नाही. पुढे उणे १८ अंशांवर जंतू वाढत नाहीत.

घरी कसं करायचं?
नांदेडकडची अर्धापूरची केळी उन्हाळ्यात डझनभर एकदमच पिकतात. फेकू नका. सोलून काप करा, ताटलीत सुटे गोठवा, मग पिशवीत भरा. घरचा फ्रीजर हळू गोठवतो, म्हणून काप नंतर मऊ पडतात. पण शिकरण, मिल्कशेकला उत्तम.

लाइट गेली तर?
फ्रीजर उघडू नका. वितळलेली भाजी परत गोठवू नका, त्याच दिवशी शिजवा. दुकानात पाकिटातल्या मटारचा गोळा झालेला दिसला, तर तो बहुधा एकदा वितळलेला असतो. मी असं पाकीट घेत नाही.