रन (इंग्रजी शब्द)

रन : इंग्रजीतील तीन अक्षरांचे क्रियापद व नाम, मूळ अर्थ धावणे. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढील सुधारणेत ‘रन’ने, नुसत्या क्रियापदाच्या ६४५ अर्थांनिशी, तिला मागे टाकले. या वाढीचे बरेच श्रेय यंत्रयुगाला : गिरणी, आगगाडी, पुढे संगणकाची आज्ञावली, सारेच ‘रन’ होऊ लागले. वाहते नाक, कपड्याचा सुटलेला रंग, दुकान चालवणे हेही त्यातच. बँकेवरील ‘रन’ म्हणजे घाबरलेल्या ठेवीदारांची पैसे काढण्यासाठी उडालेली झुंबड. निवडणुकीत अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटिश मात्र (स्वभावाला धरूनच म्हणायचे) ‘स्टँड’. मराठीत शब्द रुळला तो क्रिकेटमुळे. तेथे चेंडू सीमापार गेला की न धावताही चार रन मिळतात.