नगरची १९९४ची पोटनिवडणूक आणि तिचे कूळ

मराठीत ‘पोट’ हा उपसर्ग मुख्य वस्तूच्या आत सामावलेल्या किंवा तिच्यातून निघालेल्या दुय्यम वस्तूला लागतो. पोटजात, पोटकलम, पोटभाडेकरू हे शब्द तसे बनले आहेत आणि सात-बाऱ्यावरचा पोटखराबा, म्हणजे मोजणीत धरलेली पण लागवडीस न येणारी जमीन, हाही त्याच घडणीचा. ‘पोटनिवडणूक’ हा शब्द या कुळातला असून तो नेमका आहे. कारण सभागृहाची मुदत चालू असताना एखादी जागा रिकामी झाली, तर ती भरण्यासाठी होणारी ही निवडणूक सार्वत्रिक निवडणुकीच्या पोटातच वाढते आणि तीत निवडून आलेल्या सदस्याला नवी पाच वर्षे नव्हे, तर आधीच्या सदस्याच्या मुदतीतला उरलेला काळ तेवढा मिळतो. जागा मृत्यूने रिकामी होते, राजीनाम्याने होते, अपात्रतेने होते आणि क्वचित न्यायालयाच्या निकालाने होते. अहमदनगर लोकसभा मतदारसंघात १९९४ मध्ये झालेली पोटनिवडणूक या शेवटच्या, विरळ प्रकारातली होती.

मृत्यूमुळे होणाऱ्या पोटनिवडणुकीचे एक ठरलेले वळण महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. दिवंगत सदस्याच्या घरातील व्यक्ती उमेदवार होते, सहानुभूतीचा हिशेब मांडला जातो आणि प्रतिस्पर्धी पक्ष कधी उमेदवार न देण्याचे औदार्यही दाखवतात. आर. आर. पाटील यांच्या निधनानंतर २०१५ मध्ये तासगावातून सुमनताई पाटील निवडून आल्या, त्या अशाच. मात्र २०२१ मध्ये पंढरपुरात भारत भालके यांचे पुत्र भगीरथ यांचा पराभव झाला, तेव्हा हा हिशेब दरवेळी जुळतोच असे नाही हेही दिसले. शिवाजीराव कर्डिले यांचे १७ ऑक्टोबर २०२५ रोजी निधन होऊन राहुरी विधानसभेची जागा रिक्त झाली, ती याच वाटेची. न्यायालयाने रिकाम्या केलेल्या जागेची गोष्ट वेगळी. तिथे शोक नसतो, वाद असतो. मतदारांपैकी काहींना आपले मत फुकट गेल्यासारखे वाटते, तर काहींना आपलेच म्हणणे न्यायालयाने उचलून धरल्याचे समाधान मिळते.

नगरचा हा वाद समजून घ्यायचा तर जिल्ह्याची रचना ध्यानात घ्यावी लागते. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा, ज्याचे अधिकृत नाव आता अहिल्यानगर झाले आहे, बोलताना नेहमी ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ असा दुभागला जातो. उत्तरेत प्रवरा आणि गोदावरीचे कालवे, त्यांवर पोसलेला ऊस आणि उसावर उभे राहिलेले सहकारी साखर कारखाने. दक्षिणेत पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर यांसारखे अवर्षणाचे तालुके. विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने उभारलेल्या प्रवरेच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा, आणि तिथून पुढे कारखाना, त्याच्या शिक्षणसंस्था, पतपुरवठा व ऊसतोडणीची यंत्रणा हीच जिल्ह्याच्या राजकारणाची चौकट झाली. पक्ष बहुतेकांचा एकच, म्हणजे काँग्रेस. त्यामुळे खरी झुंज पक्षापक्षांत न होता कारखान्याकारखान्यांत होत असे. लोणी-प्रवरानगरचे विखे, सोनईच्या मुळा कारखान्याचे गडाख, कोपरगावचे काळे व कोल्हे, संगमनेरचे थोरात अशी ही नकाशावर दाखवता येणारी घराणी आहेत. लोकसभेच्या जागा तेव्हा दोन होत्या: उत्तरेची कोपरगाव, जी २००८ च्या पुनर्रचनेनंतर शिर्डी झाली, आणि दक्षिणेची अहमदनगर.

बाळासाहेब विखे पाटील १९७१ पासून कोपरगावचे खासदार होते, तर यशवंतराव गडाख १९८४ पासून नगरचे. १९९१ च्या मध्यावधी निवडणुकीत काँग्रेसने कोपरगावची उमेदवारी शंकरराव काळे यांना दिली आणि विखे पाटील उत्तर सोडून दक्षिणेत, गडाखांच्या मतदारसंघात, अपक्ष म्हणून उभे राहिले. वीस वर्षे काँग्रेसचा खासदार राहिलेला नेता काँग्रेसच्याच विद्यमान खासदारासमोर उभा राहिल्याने ही लढत जिल्ह्यापुरती राहिली नाही. मुख्यमंत्री शरद पवार यांनीही गडाखांच्या प्रचारात भाषणे केली. राजीव गांधी यांच्या हत्येमुळे लांबलेले मतदान जूनमध्ये झाले आणि गडाख विजयी झाले. सर्वसाधारणपणे प्रकरण इथे मिटते. विखे पाटील मात्र निवडणूक याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेले.

निवडणूक याचिका म्हणजे निकालाला आव्हान देण्याचा एकमेव कायदेशीर मार्ग. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ प्रमाणे ती निकालानंतर ४५ दिवसांत दाखल करावी लागते. आरंभी अशा याचिका खास न्यायाधिकरणांपुढे चालत, १९६६ च्या दुरुस्तीनंतर त्या थेट उच्च न्यायालयाकडे गेल्या आणि तिथून अपील सर्वोच्च न्यायालयात जाते. याचिकेचा आधार होता ‘भ्रष्ट आचार’. ही संज्ञा रोजच्या वापरातल्या ‘भ्रष्टाचारा’हून निराळी आहे. तीत लाच येते, पण धर्म-जातीच्या नावाने मत मागणेही येते, आणि कलम १२३ च्या चौथ्या पोटकलमानुसार प्रतिस्पर्ध्याच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी असत्य विधान करणे हेही येते. त्यासाठी विधान वस्तुस्थितीचे हवे, ते खोटे असावे, करणाऱ्याला ते खोटे वाटत असावे किंवा खरे तरी वाटत नसावे, आणि त्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या विजयाची शक्यता कमी व्हावी असा त्याचा रोख असावा, अशा अटी आहेत. एखाद्याच्या धोरणावर, कारभारावर वा पक्षांतरावर कितीही कठोर टीका केली तरी ती या पोटकलमात बसत नाही. टीका माणसाच्या खासगी सचोटीपर्यंत पोचली की बसते. हे अंतर कागदावर स्पष्ट असले तरी सभेच्या मैदानात ते कुठे संपते हे वक्त्यालाही कळत नाही, आणि फौजदारी खटल्याच्या जवळपास जाणारा काटेकोर पुरावा लागत असल्याने अशा याचिका बहुधा फेटाळल्या जातात.

नगरची याचिका फेटाळली गेली नाही. विखे पाटील पैशाच्या बळावर निवडणूक लढवत असून मतदारांना वस्तू वाटत आहेत, अशा आशयाची विधाने प्रचारसभांत झाली, हा तिचा गाभा होता. उच्च न्यायालयाने १९९३ मध्ये गडाख यांची निवड रद्द ठरवली आणि अधिनियमाच्या कलम ९९ खाली, ज्यानुसार उमेदवार नसलेल्या पण भ्रष्ट आचारात भागीदार असलेल्या व्यक्तीलाही निकालपत्रात दोषी म्हणून नोंदता येते, पवार यांच्यावर ठपका ठेवला. पवार तेव्हा पुन्हा मुख्यमंत्री झालेले होते. साहजिकच सोनई-लोणीचा वाद मंत्रालयापर्यंत पोचला. १९ नोव्हेंबर १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पवार यांच्यावरील ठपका काढून टाकला, गडाख यांची निवड मात्र रद्दच राहिली. एकाच प्रचारमोहिमेतल्या भाषणांचे असे दोन निकाल लागले, कारण प्रत्येक वक्त्याचे शब्द कायद्याच्या कसोटीवर वेगळे घासून पाहावे लागतात. वरच्या फळीच्या नेत्यांनी भाषणांत संयमाचा पायंडा पाडला, तर तो खालपर्यंत झिरपेल, असेही न्यायालयाने सुनावले.

या निकालपत्राचे देशपातळीवरचे महत्त्व मात्र भाषणांत नसून खर्चात आहे. १९९१ मध्ये मोठ्या राज्यांतील लोकसभा उमेदवाराला दीड लाख रुपयांची खर्चमर्यादा होती. १९७४ च्या ऑक्टोबरात अमरनाथ चावला यांच्या दिल्लीतील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या खात्यात धरला, तेव्हा संसदेने लगोलग कलम ७७ ला स्पष्टीकरण जोडून पक्षाचा व हितचिंतकांचा खर्च त्या मर्यादेतून वगळला. म्हणजे मर्यादा राहिली आणि तिच्या शेजारी एक रुंद दरवाजाही राहिला. नगरच्या प्रकरणात पैशाच्या आरोपांचा एवढा खल झाल्यावर न्यायालयाने या दरवाजाकडे बोट दाखवले आणि अशी मर्यादा ही निव्वळ धूळफेक असल्याचे बजावले. दोन साखर कारखानदारांच्या भांडणातून निघालेले हे मत पुढे निवडणूक सुधारणांच्या चर्चेत वारंवार उद्धृत झाले. १९९४ मध्ये मर्यादा साडेचार लाखांवर नेण्यात आली आणि २००३ च्या दुरुस्तीने स्पष्टीकरण बदलून मुख्यतः पक्षाच्या नामनिर्दिष्ट नेत्यांच्या प्रवासखर्चापुरती सूट ठेवली. पक्षाने स्वतः किती खर्च करावा याला मर्यादा आजही नाही.

अशा रीतीने १९९३ च्या अखेरीस नगरला खासदार उरला नाही. न्यायालयाला योग्य प्रकरणात पराभूत उमेदवारालाच विजयी घोषित करता येते, पण विजेत्याची सारी जादा मते भ्रष्ट आचारामुळेच मिळाली असे दाखवणे फार अवघड असल्याने बहुतेक वेळा कौल पुन्हा मतदारांकडे जातो. इथेही तसेच झाले. रिक्त जागा सहा महिन्यांत भरण्याचे बंधन घालणारे कलम १५१-अ अधिनियमात आले ते १९९६ मध्ये. तोवर तारीख ठरवणे निवडणूक आयोगाच्या मर्जीवर होते. आयोगाच्या प्रमुखपदी टी. एन. शेषन होते, ज्यांनी आपल्या अधिकारांविषयी केंद्राशी वाद होताच २ ऑगस्ट १९९३ च्या आदेशाने देशभरच्या निवडणुका व पोटनिवडणुका थोपवून धरल्या होत्या. तो पेच सुटल्यानंतरच्या काळात नगरची पोटनिवडणूक झाली.

१९९४ च्या या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे मारुती देवराम शेळके, जिल्ह्यात ज्यांना दादा पाटील शेळके म्हणत, निवडून आले. ज्या पक्षाच्या उमेदवाराची निवड रद्द झाली त्याच पक्षाला मतदारांनी पुन्हा निवडले, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे: न्यायालयाचा ठपका एका व्यक्तीवर राहिला, पक्षाच्या मतांवर पडला नाही. शेळके १९९६ लाही निवडून आले, तरी त्यांचे नाव नगरच्या राजकीय गप्पांत क्वचित येते. जागा कशी रिकामी झाली हे सगळ्यांना आठवते. ती कोणी भरली हे सांगायला यादी चाळावी लागते.

चारित्र्याविषयीच्या असत्य विधानामुळे पोटनिवडणूक होण्याची दुसरी ठळक उदाहरणे शोधायला इंग्लंडपर्यंत जावे लागते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण निवडणूक याचिका न्यायाधीशांपुढे नेण्याची रीत तिथे १८६८ मध्ये आणि अशा विधानांना बंदी १८९५ मध्ये आली. २०१० मध्ये ओल्डहॅम ईस्ट अँड सॅडलवर्थ येथील मजूर पक्षाचे फिल वूलास यांची निवड प्रतिस्पर्ध्याविषयीच्या खोट्या प्रचारपत्रकांमुळे रद्द झाली, आणि जानेवारी २०११ च्या पोटनिवडणुकीत तिथेही त्याच पक्षाच्या डेबी अब्राहम्स विजयी झाल्या. महाराष्ट्रात गाजलेले विलेपार्ल्याचे प्रकरण उलट बाजूचे: तिथे डॉ. रमेश प्रभू यांची डिसेंबर १९८७ ची पोटनिवडणूकच धर्माच्या नावाने मत मागितल्यामुळे रद्द झाली आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. ते निकालपत्र आणि नगरचे निकालपत्र ही दोन्ही न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या लेखणीतली आहेत.

विखे पाटील यांना नगरची जागा मिळाली ती १९९८ मध्ये, शिवसेनेच्या उमेदवारीवर. १९९९ ला ते पुन्हा कोपरगावला परतले. २०१९ मध्ये त्यांचे नातू सुजय विखे यांना नगरची जागा हवी होती आणि ती काँग्रेस आघाडीत राष्ट्रवादीच्या वाट्याची होती, तेव्हा पवार-विखे वैराची आठवण सांगताना वर्तमानपत्रांना १९९१ पर्यंत मागे जावे लागले. सुजय भारतीय जनता पक्षात गेले, तिथून जिंकले आणि २०२४ मध्ये पवारांच्या पक्षाचे नीलेश लंके यांच्याकडून त्याच जागेवर हरले.